इंग्रजीची असाइनमेंट आणि कॉलेजचं ग्रंथालय: संदर्भ कुठे आणि कसे शोधायचे?

मागच्या वर्षी माझी एक माजी विद्यार्थिनी संध्याकाळी घरी आली. दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली, आता भंडाऱ्यातच बी.ए. करतेय. हातात मोबाइल आणि चेहऱ्यावर टेन्शन. इंग्रजीच्या मॅडमनी आठ पानांची असाइनमेंट दिली होती. विषय स्वतः निवडायचा आणि शेवटी किमान पाच संदर्भ द्यायचे. विषय तिने छान निवडला होता: बेगम रोकेया यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा. पण संदर्भ म्हणून तिच्याकडे होतं विकिपीडियाचं एक पान आणि दोन वेबसाइटवरचा तोच तो कॉपी केलेला मजकूर.

मी विचारलं, “कॉलेजच्या लायब्ररीत गेली होतीस का?” ती म्हणाली, “गेले होते बाजी. इंग्रजीच्या कपाटात बघितलं, नाही मिळालं. मग परत आले.”

हा लेख त्या “मग परत आले” साठी आहे. आपल्या घरांतून कॉलेजात जाणारी अनेक मुलं-मुली घरातली पहिलीच असतात. ग्रंथालय कसं वापरायचं हे घरी सांगणारं कोणी नसतं आणि शाळेतही हे नीट शिकवलं जात नाही. मी स्वतः बी.एड. करताना पहिले दोन महिने ग्रंथालयात फक्त वर्तमानपत्र वाचत होते, कारण काउंटरवर काय विचारायचं हेच कळत नव्हतं. यात हुशारीचा प्रश्न नाही, वाट माहीत असण्याचा आहे. ती वाट इथे क्रमाने सांगते. उदाहरण रोकेया यांचंच घेऊ, म्हणजे समजायला सोपं जाईल.

संदर्भ म्हणजे हवाला

आपल्याला ‘हवाला’ शब्द चांगला माहीत आहे. कोणी दीनची एखादी गोष्ट सांगितली की घरातले मोठे लगेच विचारतात, “कुठे लिहिलंय? हवाला दे.” हदीसच्या इल्ममध्ये तर कोणी कोणाकडून ऐकलं याची पूर्ण सनद पाहिली जाते. कॉलेजची असाइनमेंट तपासणारे शिक्षकही हेच विचारतात: हे तू कशावरून म्हणतेस? ज्याने सांगितलं तो कोण, त्याला त्यातलं किती कळतं, आणि मला ते तपासून बघता येईल का? या तीन प्रश्नांचं उत्तर देतो तो संदर्भ. बाकी सगळी ऐकीव माहिती.

आता याचं महत्त्व वाढलं आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम लागू झाला. त्यात प्रकल्प आणि अंतर्गत मूल्यमापनाला मोठी जागा आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. म्हणजे पहिल्या वर्षाच्या छोट्या असाइनमेंटचे गुणही पुढे मोजले जाणार.

पहिलं काम: विषय लहान करा

ग्रंथालयात जाण्याआधी घरी बसून अर्धा तास कागद-पेन घ्या. ‘बेगम रोकेया’ हा विषय नाही, ते नाव आहे. त्यावर आठ पानांत काय लिहिणार? जन्म १८८०, निधन १९३२, एवढं लिहून दोन पानं भरतील आणि पुढे अडाल. त्यापेक्षा एक प्रश्न तयार करा: ‘या कथेतल्या स्त्रियांच्या राज्यात शिक्षणाला इतकं महत्त्व का दिलंय?’

कथा १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ मध्ये छापून आली. तिच्यात पुरुष मर्दान्यात बंद आहेत, बायका राज्य चालवतात, त्यांच्या विद्यापीठांत सूर्याची उष्णता वापरण्याचे शोध लागतात. लिहिणाऱ्या रोकेया यांनी पुढे पतीच्या निधनानंतर भागलपूरला मुलींची शाळा काढली आणि १९११ मध्ये कलकत्त्यात ती आठ मुलींवर पुन्हा सुरू केली. आता दिसतंय ना, कथा आणि आयुष्य यांच्यामध्ये एक प्रश्न उभा आहे? त्याचाच शोध घ्यायचा.

प्रश्न झाला की शोधायचे शब्द लिहून काढा. फक्त लेखिकेचं नाव नको. पडदा, जनाना, मुस्लिम स्त्रियांचं शिक्षण, वसाहतकालीन बंगाल, युटोपिया, स्त्रीवाद, हे सगळे शब्द इंग्रजीत लिहा. आणि एक महत्त्वाचं: आपल्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग एकसारखं नसतं. रोकेया, रुकय्या, रोकय्या असं नाव निरनिराळ्या पुस्तकांत वेगवेगळं लिहिलेलं आढळतं, आणि हुसेन या आडनावाची तर चार-पाच स्पेलिंगं आहेत. एका स्पेलिंगने काही सापडलं नाही म्हणजे पुस्तक नाही, असं समजू नका. सगळी स्पेलिंगं टाकून बघा.

ग्रंथालयात गेल्यावर

भंडाऱ्याचं जे. एम. पटेल महाविद्यालय असो, तुमसरचं एस. एन. मोर असो, साकोली-लाखनीचं कॉलेज असो की पवनीचं, ग्रंथालयांची मूळ रचना एकसारखीच असते. देवघेव विभाग, म्हणजे पुस्तकं देण्या-घेण्याचा काउंटर. वाचन कक्ष. संदर्भ विभाग. आणि नियतकालिकं. पहिल्या दिवशी ओळखपत्र न्या आणि काउंटरवर चार गोष्टी विचारा: माझ्या कार्डावर किती पुस्तकं आणि किती दिवस मिळतात? कपाटापर्यंत मला जाता येतं की चिठ्ठी द्यावी लागते? पुस्तकांची यादी संगणकावर कुठे बघायची? आणि एन-लिस्टचा आयडी मिळतो का? या शेवटच्या प्रश्नाबद्दल पुढे सांगते.

संगणकावरच्या यादीला ओपॅक म्हणतात. त्यात लेखक, पुस्तकाचं नाव आणि विषय अशा तिन्ही प्रकारे शोधता येतं. विद्यार्थी फक्त नावाने शोधतात आणि तिथेच अडतात. विषयाने शोधा. पुस्तक सापडलं की त्याच्यासमोरचा नंबर लिहून घ्या, कारण तो त्या पुस्तकाचा पत्ता आहे.

हा नंबर बहुतेक ठिकाणी ड्युई पद्धतीचा असतो. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये ही पद्धत छापली. सगळं ज्ञान दहा वर्गांत वाटलं आणि प्रत्येकाला शंभर नंबर दिले. पुस्तकाच्या पाठीवर, म्हणजे शिवणीच्या बाजूला, हा नंबर चिकटवलेला असतो. आपल्या कामाचे काही नंबर असे:

– ४२० : इंग्रजी भाषा, व्याकरण
– ८२० : इंग्रजी साहित्य आणि त्याचा इतिहास
– ८२१ : इंग्रजी कविता
– ८२२ : इंग्रजी नाटक. त्यात ८२२.३३ म्हणजे शेक्सपिअर
– ८२३ : इंग्रजी कथा-कादंबरी
– ८९१.४३९ : उर्दू साहित्य
– ८९१.४४ : बंगाली साहित्य
– ८९१.४६ : मराठी साहित्य
– ३०५.४ : स्त्रियांचे सामाजिक प्रश्न
– ३७० : शिक्षण
– ९५४ : भारताचा इतिहास

यादी नीट बघा. माझी विद्यार्थिनी फक्त इंग्रजीच्या कपाटाजवळ, म्हणजे ८२० च्या आसपास फिरून परत आली होती. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर चार कपाटांत वाटलेलं होतं. कथा ८२३ मध्ये. लेखिकेचं बाकीचं लेखन बंगालीत, म्हणून ते ८९१.४४ कडे. स्त्रियांच्या शिक्षणाचा इतिहास ३०५ किंवा ३७० मध्ये. त्या काळचा बंगाल ९५४ मध्ये. इंग्रजीच्या असाइनमेंटचे संदर्भ फक्त इंग्रजीच्या कपाटात नसतात. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

कपाटाजवळ पोचल्यावर हवं असलेलं पुस्तक घेऊन लगेच निघू नका. त्याच्या डावी-उजवीकडची दहा पुस्तकं बघा. एकाच विषयाची पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवलेली असतात.

पुस्तक मागून उघडा

आठ पानांसाठी चारशे पानांचं पुस्तक वाचायचं नसतं. पुस्तक मागून उघडा. शेवटी सूची असते, त्यात शब्द अक्षरक्रमाने आणि पुढे पान नंबर. तुमचा शब्द शोधा आणि तेवढीच पानं वाचा. सूचीच्या आधी संदर्भग्रंथांची यादी असते. लेखकाने कोणती पुस्तकं वाचून हे लिहिलं त्याची ही यादी म्हणजे खजिना. एक चांगलं पुस्तक हाती लागलं की त्याच्या यादीतून पुढची पाच मिळतात.

रोकेया यांच्याबद्दल अशी काही पक्की पुस्तकं आहेत. रोशन जहाँ यांनी संपादित केलेली ‘सुलतानाज ड्रीम’ची आवृत्ती, फेमिनिस्ट प्रेस, १९८८. बर्निता बागची यांनी काढलेली ‘सुलतानाज ड्रीम अँड पद्मराग’, पेंग्विन, २००५. भारती रे यांचं ‘अर्ली फेमिनिस्ट्स ऑफ कलोनियल इंडिया’, ऑक्सफर्ड, २००२. आणि मुस्लिम मुलींच्या शिक्षणाचा इतिहास सांगणारं गेल मिनॉल्ट यांचं ‘सिक्लुडेड स्कॉलर्स’, ऑक्सफर्ड, १९९८. हे शेवटचं पुस्तक तर आपल्या घरांत वाचलं जावं असं आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुलींच्या तालीमसाठी कोणी शाळा काढल्या, कोणी रिसाले चालवले, हे त्यात पुराव्यासह आहे.

पुस्तक तुमच्या कॉलेजात नसेल तर ग्रंथपालांना लेखी मागणी द्या. मागणीची वही ठेवलेली असते. दुसऱ्या ग्रंथालयात बसून वाचण्यासाठी कॉलेजचं पत्रही मागता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय जिल्हा ग्रंथालय असतं आणि नागपूरला शासकीय विभागीय ग्रंथालय व विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, म्हणजे एका दिवसाचं काम. पण आधी फोन करून पुस्तक आहे का ते विचारा, मगच बसचं तिकीट काढा.

मोबाइलवरचं ग्रंथालय

ज्यांना नागपूरला जाणं जमत नाही, विशेषतः मुलींना, त्यांच्यासाठी हा भाग महत्त्वाचा आहे. मोबाइल आहेच, तो नीट वापरा.

*एन-लिस्ट.* गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या सरकारी केंद्राची ही योजना २०१० पासून कॉलेजांसाठी चालू आहे. हजारो जर्नल्स आणि लाखाच्या घरात इ-पुस्तकं. वर्गणी कॉलेज भरतं, विद्यार्थ्याला वेगळा पैसा लागत नाही. पण आयडी आणि पासवर्ड कॉलेजच्या ग्रंथालयातूनच मिळतो, तो मागावा लागतो. कॉलेज सदस्य असेल तर ईमेल देऊन नोंदणी करून घ्या. नंतर घरी बसून वाचता येतं.

*नॅशनल डिजिटल लायब्ररी.* आयआयटी खरगपूरने उभारलेली, २०१८ मध्ये देशाला अर्पण झालेली. कोणीही मोफत नोंदणी करू शकतो. भाषा निवडून शोधता येतं.

*शोधगंगा.* भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध इथे मोफत आहेत. तुमच्या विषयावरचा एखादा प्रबंध मिळाला तर त्याचं दुसरं प्रकरण वाचा. आधी कोणी काय काम केलं याचा आढावा बहुतेक वेळा तिथे असतो. मात्र सगळेच प्रबंध सारख्या दर्जाचे नसतात, म्हणून त्यातून मूळ पुस्तकांची नावं घ्या आणि ती तपासा.

*ई-पीजी पाठशाला.* एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी विषयवार धडे. इंग्रजीचेही आहेत. बी.ए.च्या मुलांना पार्श्वभूमी समजायला उपयोगी.

*डीओएजे आणि जेस्टोर.* पहिल्यावर मोफत वाचता येणाऱ्या जर्नल्सची यादी आहे. दुसऱ्यावर स्वतःचं खातं काढलं की दर महिन्याला ठरावीक लेख ऑनलाइन मोफत वाचता येतात.

*इंटरनेट आर्काइव्ह आणि रेख्ता.* जुन्या, कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांसाठी पहिलं. उर्दू पुस्तकं आणि जुने रिसाले वाचायला दुसरं.

ज्यांचे भाऊ-बहीण सरकारी विद्यापीठात शिकतात त्यांनी आणखी एक विचारून बघावं. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना सुरू झाली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार जर्नल्स केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांना त्यातून खुली झाली आहेत.

कशावर भरवसा ठेवायचा?

गाइड आणि बाजारातल्या नोट्स परीक्षेला वाचा, संदर्भ म्हणून लिहू नका. विकिपीडियाचं पान सुरुवातीला वाचायला हरकत नाही, पण खाली दिलेल्या संदर्भांकडे जा आणि ते स्वतः बघा.

चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल पालकही विचारतात. अवघड इंग्रजी वाक्य समजून घ्यायला ते उपयोगी पडतं. पण त्याला संदर्भ मागितले तर अस्तित्वात नसलेली पुस्तकंही ते खऱ्यासारखी लिहून देऊ शकतं. लेखक खरा, पुस्तक खोटं. म्हणून नियम साधा ठेवा: जे पान तुम्ही स्वतः उघडून वाचलं नाही, ते यादीत लिहायचं नाही.

टिपण आणि यादी

प्रत्येक पुस्तकासाठी वहीत वेगळं पान करा. वर लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल लिहा आणि मगच वाचायला सुरुवात करा. पुस्तक परत केल्यावर हे शोधायला पुन्हा चक्कर मारावी लागते. लेखकाचं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर अवतरण चिन्हं आणि पान नंबर लगेच टाका. स्वतःचा विचार वेगळ्या रंगाच्या पेनने लिहा.

इंग्रजी साहित्यात बहुतेक ठिकाणी एमएलए पद्धत वापरतात. तिची नववी आवृत्ती २०२१ मध्ये आली. मजकुरात वाक्याच्या शेवटी कंसात लेखकाचं आडनाव आणि पान नंबर, मध्ये स्वल्पविराम नाही. शेवटच्या पानावर ‘वर्क्स साइटेड’ या मथळ्याखाली आडनावाच्या अक्षरक्रमाने यादी: आडनाव, नाव. पुस्तकाचं नाव. प्रकाशक, साल. पुस्तकाचं नाव टाइप करताना तिरप्या अक्षरात, हाताने लिहिताना खाली रेघ. शिक्षकांनी वेगळी पद्धत सांगितली असेल तर तीच पाळा.

उर्दू जाणणाऱ्या मुलांना एक गोष्ट सांगायची आहे. इंग्रजीच्या असाइनमेंटमध्ये उर्दू किंवा मराठी पुस्तकाचा संदर्भ चालतो. भाषांतर माझं आहे असं लिहायचं आणि मूळ पुस्तकाची माहिती द्यायची. तुमची भाषा ही कमतरता नाही. वर्गातल्या इतरांना जे वाचता येत नाही ते तुम्हाला वाचता येतं.

कॉपीबद्दल थोडक्यात. यूजीसीचे २०१८ चे नियम प्रबंध आणि शोधनिबंधांसाठी आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत असेल तर दुरुस्त करून पुन्हा द्यायचं, ६० पर्यंत एक वर्ष थांबायचं, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. बी.ए.ची असाइनमेंट इतक्या कडकपणे तपासली जात नसेल, पण सवय आत्ताच लागते.

घरच्यांसाठी दोन शब्द

अम्मी-अब्बूंना एक विनंती. मुलगी कॉलेज सुटल्यावर दोन तास ग्रंथालयात थांबते म्हणाली तर तो वेळ वाया जातोय असं समजू नका. संदर्भ विभागातली पुस्तकं घरी मिळत नाहीत, तिथेच बसून वाचावी लागतात. गावाकडची शेवटची बस चुकण्याची काळजी असेल तर आठवड्यातला एक दिवस ठरवून द्या. कॉलेजच्या फीमध्ये ग्रंथालयाचं शुल्कही असतं. ते आपण भरलेलंच आहे, मग वापरायला संकोच कशाला? पुस्तक उशिरा परत केल्याचा दंड लागला तर रागवू नका, पण हरवू देऊ नका, वर्षाच्या शेवटी ना-देय दाखला अडतो.

आठ दिवसांचं वेळापत्रक

पहिला दिवस: प्रश्न आणि शोधायचे शब्द. दुसरा: ओपॅक आणि कपाटं, तीन पुस्तकं. तिसरा: त्यांच्या मागच्या याद्या आणि दोन लेख ऑनलाइन. चौथा-पाचवा: वाचन आणि टिपण. सहावा: पहिला मसुदा. सातवा: हवाले तपासणं, यादी. आठवा: कोणाकडून तरी वाचून घेणं आणि स्वच्छ लिहिणं.

माझी ती विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्रंथालयात गेली. या वेळी ती इंग्रजीच्या कपाटाकडे गेली नाही, सरळ ग्रंथपालांच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, “सर, मला मुस्लिम मुलींच्या शिक्षणाच्या इतिहासावर काही हवंय.” त्यांनी उठून इतिहासाचं कपाट उघडून दिलं. तिथे दोन पुस्तकं मिळाली, तिसरं एन-लिस्टवर, आणि कथा तर इंटरनेटवर मोफत होतीच. पाचवा संदर्भ तिने उर्दूतून घेतला. असाइनमेंटला गुण चांगले आले, पण मला आनंद वेगळ्या गोष्टीचा झाला. गेल्या महिन्यात तिने तिच्या धाकट्या भावाला स्वतः नेऊन ग्रंथालयाचं कार्ड काढून दिलं.